गोल्डन हार्वेस्ट एकट्या ब्रूस लीने उभी केली का?

हाँगकाँगची गोल्डन हार्वेस्ट ही चित्रसंस्था ब्रूस लीच्या जिवावर उभी राहिली आणि कँटोनीज, म्हणजे हाँगकाँगच्या स्थानिक चिनी भाषेतला, सिनेमाही त्यानेच जगवला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही.

संस्था काढली रेमंड चौ आणि लिओनार्ड हो यांनी, १९७० मध्ये, शॉ ब्रदर्स ही तिथली बडी चित्रसंस्था सोडून. ब्रूस ली आला पुढच्या वर्षी. त्याच्या चित्रपटांनी तिजोरी भरली, यात वादच नाही. पण ते चित्रपट हाँगकाँगमध्ये लागले मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत, कँटोनीजमध्ये नव्हे. जुलै १९७३ मध्ये तो गेला, तरी संस्था टिकली. शॉ ब्रदर्स कलाकारांना ठरावीक पगाराच्या करारात बांधून ठेवत. चौ यांनी मोठ्या कलाकारांना स्वतःच्या निर्मितीसंस्था काढू दिल्या, नफ्यात वाटा दिला. माझ्या मते खरी किमया हीच.

विनोदी नट-दिग्दर्शक मायकल हुई गोल्डन हार्वेस्टमध्ये आले ते याच वाटेने. १९७४ मधला त्यांचा जुगाऱ्यांवरचा विनोदी चित्रपट कँटोनीजमध्ये, रस्त्यावरच्या माणसाच्या बोलीत होता आणि त्याने तिकीटबारी गाजवली. दोनच वर्षांपूर्वी त्या भाषेतले चित्रपट जवळजवळ बंद पडले होते! अर्थात, १९७३ मध्ये त्या भाषेला पडद्यावर परत आणणारा पहिला मोठा चित्रपट शॉ ब्रदर्सचा होता, हेही सांगायलाच हवं.

जॅकी चॅन आला त्यानंतर, १९८० च्या सुमारास.