सायलोसायबिन अळंबीचे सूक्ष्ममात्रा सेवन

सायलोसायबिन हे भ्रमजनक द्रव्य असलेली अळंबी ठरावीक दिवसांच्या अंतराने अगदी अल्प प्रमाणात घेण्याची पद्धत. भास होऊ नयेत, नेहमीच्या कामात अडथळा येऊ नये, पण नैराश्य, चिंता किंवा एकाग्रतेचा अभाव कमी व्हावा, असा घेणाऱ्याचा हेतू असतो. बोलण्यात ‘मायक्रोडोझिंग’ हाच शब्द रूढ आहे. मात्रा पूर्ण मात्रेच्या साधारण दहाव्या ते विसाव्या भागाइतकी, म्हणजे वाळलेल्या अळंबीची बहुधा ०.१ ते ०.३ ग्रॅम मानली जाते.

ही पद्धत किती जुनी, यावर मतभेद आहेत. मेक्सिकोतील नाहुआ लोक ज्या अळंबीला ‘तेओनानाकात्ल’ म्हणत, तिचे वर्णन सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागून या धर्मोपदेशकाच्या ग्रंथात आले आहे. ती कडू असून घसा जाळते, बुद्धी भ्रमित करते, ताप व संधिवातावर उपयोगी पडते आणि दोन-तीनच खावीत, असे तेथे म्हटले आहे. सूक्ष्ममात्रेला प्राचीन परंपरा आहे असे मानणारे या शेवटच्या वाक्याचा आधार घेतात. पण दोन-तीन अळंब्या म्हणजे अल्प मात्रा, हे त्यातून सिद्ध होत नाही. मुळात ही वनस्पती कोणती, हेच दीर्घकाळ वादात होते. १९१५ मध्ये विल्यम सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेओनानाकात्ल म्हणजे अळंबी नसून पेयोटी या भ्रमजनक निवडुंगाचे वाळवलेले तुकडे होय, असे प्रतिपादन केले. वनस्पतींचे अभ्यासक ब्लास पाब्लो रेको यांनी त्याला विरोध केला. १९३८ मध्ये रेको व अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टेस यांनी मेक्सिकोच्या वाहाका प्रांतात प्रत्यक्ष नमुने गोळा केले, तेव्हा सॅफर्ड यांचे मत मागे पडले. १९५५ मध्ये अळंबीचे हौशी अमेरिकी अभ्यासक गॉर्डन वासन यांनी याच प्रांतातील वाउत्ला दे हिमेनेस येथे मारिया साबिना या माझातेक जमातीतील उपचारक स्त्रीच्या रात्रविधीत भाग घेतला. तेथे अळंब्या जोडीजोडीने मोजून दिल्या जात. रात्रभर दर्शने घडावीत आणि रोगाचे कारण कळावे, हा त्या विधीचा उद्देश. रोज कामावर जाता यावे इतकीच मात्रा घेण्याची कल्पना या विधीशी जुळत नाही. म्हणून सूक्ष्ममात्रा ही बहुधा आधुनिक प्रथा समजावी. माझातेक परंपरेचे नाव तिला जोडल्याने त्या परंपरेवर अन्यायच होतो.

फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर एम यांनी पुरवलेल्या ‘सायलोसायबी मेक्सिकाना’ या अळंबीच्या जातीपासून स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये सायलोसायबिन वेगळे केले. त्याआधी त्यांनी २.४ ग्रॅम वजनाच्या ३२ वाळलेल्या अळंब्या स्वतः खाऊन पाहिल्या होत्या. शरीरात फॉस्फेट गट निघून या द्रव्याचे सायलोसिन बनते आणि ते मुख्यतः सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या २ए ग्राहींवर (ते रसायन पेशीवर जेथे जोडले जाते त्या जागांवर) कार्य करते. अळंबी दुखावली की निळी पडते, ती सायलोसिनच्या ऑक्सिडीभवनामुळे. द्रव्याचे प्रमाण जातीनुसार, पिकानुसार, इतकेच काय एकाच पिकातील दोन अळंब्यांतही बदलते. म्हणून अनेक जण पुष्कळ अळंब्या एकत्र दळून पूड करतात. तरीही तराजूवरचे वजन आणि पोटात गेलेले द्रव्य यांचे प्रमाण पक्के राहत नाही.

शरीर मात्रेला लवकर सरावते आणि परिणाम घटतो, त्यामुळे मध्ये सुट्टीचे दिवस ठेवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स फॅडिमन यांच्या पद्धतीत एक दिवस मात्रा व दोन दिवस खंड असतो. २०११ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ही प्रथा विशेष पसरली. अळंबीचे अमेरिकी अभ्यासक पॉल स्टॅमेट्स यांच्या पद्धतीत चार दिवस मात्रा व तीन दिवस खंड असून सोबत ‘लायन्स मेन’ ही दुसरी अळंबी आणि नायसिन (ब३ जीवनसत्त्व) सुचवले आहे.

परिणामकारकतेबाबत निरीक्षणात्मक अभ्यास अनुकूल, तर नियंत्रित प्रयोग प्रतिकूल आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायलोसायबिनची सूक्ष्ममात्रा घेणाऱ्या ९५३ जणांच्या मनःस्थितीत महिनाभरात न घेणाऱ्यांपेक्षा थोडी अधिक सुधारणा आढळली. पण आपण काय घेतो हे त्यांना ठाऊक होते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या २०२१ च्या अभ्यासात १९१ जणांनी स्वतःच्या कुप्या (कॅप्सूल) स्वतःच अशा भरल्या, की कोणती रिकामी हे त्यांनाही कळू नये. एलएसडी हे दुसरे भ्रमजनक द्रव्य व सायलोसायबिन दोन्ही त्यात होते. द्रव्य घेणारा व रिकाम्या कुप्या घेणारा असे दोन्ही गट सुधारले आणि त्यांत लक्षणीय फरक उरला नाही. ब्वेनोस आइरेस येथे ३४ जणांवर ०.५ ग्रॅम अळंबीचा दुहेरी-अंध प्रयोग, म्हणजे कोणाला काय दिले हे घेणाऱ्यांना व संशोधकांनाही ठाऊक नसलेला प्रयोग, झाला (२०२२). त्यातही स्वास्थ्य वा सर्जनशीलता वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. प्रस्तुत लेखकाला याहून बोलकी वाटते ती २०२२ मधील २३३ रुग्णांची नैराश्यावरील चाचणी. तीत २५ मिग्रॅ. सायलोसायबिनचा एकच डोस, मानसशास्त्रीय आधारासह, उपयुक्त ठरला. तुलनेसाठी वापरलेली मात्रा होती १ मिग्रॅ., म्हणजे जवळपास सूक्ष्ममात्राच. पूर्ण मात्रेच्या उपचाराचे यश सूक्ष्ममात्रेच्या खात्यावर मांडणे त्यामुळे चुकीचे ठरते. मात्र बरे वाटल्याचे सांगणारी माणसे खोटे बोलत नाहीत. अपेक्षेने आलेली उभारी हीदेखील खरी उभारी असते.

लिथियम या मनोविकारांवरील औषधासोबत अशी द्रव्ये घेतल्यावर झटके आल्याच्या नोंदी आहेत. मनोविकृतीचा इतिहास असणाऱ्यांना चाचण्यांतून सहसा वगळतात. सायलोसिन सेरोटोनिनच्या २बी ग्राहींशीही जोडले जाते. याच मार्गाने फेनफ्लुरामीन या औषधाने हृदयाच्या झडपांना इजा केली होती. सूक्ष्ममात्रेबाबत तसा पुरावा नाही, परंतु वर्षानुवर्षे घेणाऱ्यांसाठी ही शंका महत्त्वाची आहे.

१९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक नियंत्रणाच्या, अनुसूचीत आहे. नेदरलँड्सने २००८ मध्ये या अळंबीवर बंदी घातली, तिच्या जमिनीतील गाठी मात्र वगळल्या. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञ दुर्धर नैराश्यासाठी सायलोसायबिन देऊ शकतात. ही मुभा देखरेखीखालील उपचारापुरती आहे.