पार्श्वभूमी: सोल्डर तपासायच्या पिना आणि १९७० सालच्या नोंदी

"बोर्डाला जेटॅग लाव आणि बघ," असं कुणी म्हणतं तेव्हा त्याच्या मनात बोर्डावरचा कनेक्टर असतो, टेबलावरचा प्रोब (संगणक आणि बोर्ड यांना जोडणारी डबी) असतो, नाहीतर ब्रेकपॉइंट लावून कोड थांबवायचं काम असतं. जेटॅगच्या मूळ मानकात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नाही. ही पार्श्वभूमी डिबगिंगची, म्हणजे यंत्रातले आणि प्रोग्रॅममधले दोष शोधण्याची. 'जेटॅग' या शब्दाचा गुंता आधी सोडवायला हवा, कारण पुढचे बरेच घोळ त्यातूनच निघाले.

जेटॅग हे एका गटाचं नाव. १९८५ च्या सुमारास युरोपातल्या काही इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या एकत्र आल्या त्या बोर्ड तपासण्यासाठी, प्रोग्रॅम तपासण्यासाठी नव्हे. चिपा बोर्डाच्या पृष्ठभागावर बसू लागल्या होत्या, थर वाढले होते आणि पाय इतके जवळ आले होते की खिळ्यांच्या पाटावर बोर्ड दाबून प्रत्येक जोड तपासणं जमेनासं झालं होतं. त्यावर निघालेला तोडगा असा: चिपच्या प्रत्येक पिनेमागे एक छोटी पेशी ठेवायची, सगळ्या पेशी साखळीत ओवायच्या आणि चार तारांवरून एकेक बिट सरकवत कुठला सोल्डर सुटलाय ते शोधायचं. १९९० मध्ये हे ११४९.१ क्रमांकाचं मानक झालं. त्यात सोळा अवस्थांचं एक यंत्र आहे. कनेक्टरचा आकार नाही, ब्रेकपॉइंट तर नाहीच. पण चिप बनवणाऱ्याला स्वतःच्या खाजगी सूचना जोडायची मुभा मानकाने ठेवली होती. डिबगिंग आत शिरलं ते याच फटीतून.

आणि ते शिरणं भागच होतं. त्याआधीचा राजमार्ग म्हणजे इन-सर्किट एम्युलेटर: सॉकेटातून प्रोसेसर उपटायचा आणि त्याजागी भल्यामोठ्या पेटीची केबल खोचायची. घड्याळाचा वेग वाढला तशी ती केबल दगा देऊ लागली. प्रोसेसर सोल्डर होऊ लागला, कॅश (प्रोसेसरची जलद मेमरी) आत गेली आणि बाहेरच्या बसवर, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारांवर, बघण्यासारखं फारसं उरलं नाही. मग पेटीच चिपमध्ये गेली. नव्वदच्या दशकातल्या आर्म७टीडीएमआय या प्रोसेसरच्या नावातला 'डी' डिबगचा आणि 'आय' त्या आत गेलेल्या पेटीचा.

परिणाम असा की आज २० पिनांचा, १४ पिनांचा आणि १० पिनांचा, तिघेही कनेक्टर जेटॅग म्हणवतात. एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या वेगळ्या डिबग जोडणीला देखील लोक जेटॅगच म्हणतात. नवा माणूस सेटिंगमध्ये विश्वासाने 'जेटॅग' निवडतो, प्रोब काही बोलत नाही आणि अर्धा दिवस केबल बदलण्यात जातो. मीही घालवलाय.

प्रोब नसेल तेव्हा यूआर्टवर (एकेक बिट पाठवणाऱ्या साध्या सिरीयल तारेवर) ओळ छापायची. ११५२०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) एक अक्षर साधारण ८७ मायक्रोसेकंद घेतं, म्हणजे चाळीस अक्षरांच्या ओळीला साडेतीन मिलिसेकंद. दर मिलिसेकंदाला येणाऱ्या इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) कुणी अशी ओळ टाकली की एकेका ओळीत तीन फेऱ्या बुडतात. दोष तरी गायब होतो किंवा नवाच जन्मतो.

वादाचा खरा मुद्दा वेगळाच आहे: माल बाहेर पाठवताना डिबगिंगची ही खिडकी उघडी ठेवायची की विटा लावून बुजवायची? उघडी ठेवणाऱ्यांचा लाडका दाखला १९९७ च्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा. मंगळावर उतरल्यावर यान अधूनमधून स्वतःला रीसेट करू लागलं. हवामानाचं कमी प्राधान्याचं काम सामायिक साधनाचं कुलूप धरून बसायचं, मधल्या प्राधान्याची कामं त्याला पुढे सरकू द्यायची नाहीत आणि बस सांभाळणारं महत्त्वाचं काम ताटकळायचं. डिबगच्या सोयी उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या नव्हत्या. जे तपासलं तेच उडवायचं, असा चमूचा बाणा होता. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर ट्रेस (घटनांची क्रमवार नोंद) चालू करून दोष पकडला गेला आणि कुलूप धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याचं प्राधान्य वारशाने देण्याची बंद असलेली सोय चालू करून दुरुस्ती वर पाठवली गेली.

बुजवणाऱ्यांची बाजू खोटी नाही. उघड्या पोर्टातून फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) उपसता येतं, किल्ल्या चोरता येतात. म्हणून वाचनबंदी आली. एसटीएम३२ या चिपांच्या बहुतेक मालिकांत तिची पातळी २ लावली की डिबग पोर्ट कायमचा मिटतो, बनवणाऱ्यालाही. माझं मत लपवत नाही: वापराच्या जागेवरून परत आलेलं, सरसकट पातळी २ लावलेलं, कारण न सांगता मेलेलं यंत्र ज्याने हातात धरलंय, तो हा निर्णय घेताना दोनदा विचार करतो.

डेटाबेसकडे खिडकी बुजवण्याचं हेच काम कुलपाऐवजी डिफॉल्टने केलं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (हळू क्वेऱ्यांची नोंदवही) मुळात बंद असतो. चालू केला तरी उंबरठा १० सेकंदांचा. कैक वर्षं तो पूर्ण सेकंदांतच देता यायचा, अपूर्णांक ५.१ मध्ये आले. एखादं पान ओआरएमच्या (कोडमधून आपोआप क्वेऱ्या बनवणाऱ्या थराच्या) कृपेने प्रत्येकी ३ मिलिसेकंदांच्या २०० क्वेऱ्या पाठवतं. वापरणाऱ्याचे ६०० मिलिसेकंद जातात आणि लॉग स्वच्छ. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये २००९ च्या ८.४ बरोबर क्वेऱ्यांचा हिशोब ठेवणारं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स आलं, पण आकडे वगळून एकसारख्या क्वेऱ्यांची मोट बांधणं ९.२ पर्यंत नव्हतं. ती आल्यावर प्रश्न 'सर्वात हळू कोण' यावरून 'एकूण वेळ कुणी खाल्ला' याकडे वळला. माझ्या लेखी या बाजूची सर्वात मोठी झेप तीच.

आता यंत्र थेट टेबलात लिहू लागल्यापासून चिपांचा आणि डेटाबेसचा असे दोन्ही इतिहास एकमेकांत अडकलेत. वॉचडॉगने (यंत्र अडकलं की ते पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने) यंत्र रीसेट केलं आणि घड्याळाला बॅटरी नसेल, तर वेळ जुळेपर्यंतच्या नोंदी १ जानेवारी १९७० च्या, म्हणजे संगणकाची वेळ जिथून शून्यापासून मोजतात त्या तारखेने येतात. 'शेवटचे २४ तास' दाखवणाऱ्या आलेखावर खड्डा दिसतो, लोक नेटवर्कला शिव्या घालतात आणि ओळी टेबलाच्या तळाशी बसलेल्या असतात. त्यावर यंत्राची वेळ, पोचल्याची वेळ आणि बूट क्रमांक असे तीन रकाने ठेवायची पद्धत रुळली. चौथा रकाना रीसेटच्या कारणाचा. चिपच्या रजिस्टरमध्ये ते कारण असतं, पण पुष्कळदा टेबलात शून्यच येतं, कारण अॅप्लिकेशनने वाचायच्या आत बूटलोडरने (सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) ते पुसून टाकलेलं असतं.