आयपी पत्त्यांचा एक-चौदाचा उतारा

गोव्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, एक-चौदाचा उतारा काढलात का? सर्व्हे क्रमांक दिला की जमीन कोणाची ते नाव निघतं. आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राचा आकडी पत्ता, त्याचंही तसंच. पत्ता दिला की तो कुठल्या टप्प्यात, म्हणजे सलग पत्त्यांच्या गटात, पडतो, तो टप्पा कोणाकडे आहे, तक्रार कुठे करायची, हे सगळं एपीआय, म्हणजे प्रोग्रामनं प्रोग्रामला विचारायची सोय, क्षणात सांगते. मात्र या उताऱ्यात काय असतं आणि काय नसतं, हे त्याची नोंदवही कशी सुरू झाली ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात म्हापशातल्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर रात्रभर कोणीतरी पासवर्ड मारून पाहत होतं. लॉगमधले, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींतले, पत्ते वेगवेगळे, पण चारपैकी पहिले तीन आकडे सगळ्यांचे एकच. एकेक पत्ता अडवत बसलो असतो तर उजाडलं असतं. टप्पा शोधला, २५६ पत्त्यांचा निघाला. तो अख्खाच बंद केला आणि नोंदीतल्या तक्रारीच्या ईमेलवर लॉग पाठवून दिला.

असा ईमेल नोंदीत असतो, कारण वही मुळात त्यासाठीच होती. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या काळात कोणतं यंत्र कोणाचं याची माहिती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. आकड्यांचं वाटप जॉन पोस्टेल पाहत. मार्च १९८२ मध्ये या माहितीसाठी 'हूइज'ची पद्धत प्रसिद्ध झाली: सर्व्हरच्या पोर्ट ४३ वर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, जोडायचं, एक ओळ लिहायची, उत्तरादाखल मजकूर येतो. नेटवर्क बिघडलं तर फोन कोणाला करायचा, एवढीच तिची गरज. वापरणारे बहुतेक एकमेकांना ओळखणारे होते.

त्याआधी काही महिने, सप्टेंबर १९८१ मध्ये, आयपीच्या चौथ्या आवृत्तीचं प्रमाण आलं होतं. ३२ बिटांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते तेव्हा अफाट वाटले असणार. वाटपही तसंच सढळ: एक तर १ कोटी ६७ लाखांचा तुकडा, नाहीतर ६५,५३६ चा, नाहीतर २५६ चा. १,००० पत्ते हवे असणाऱ्याला एकतर फार मिळत, नाहीतर पुरत नसत. १९९३ मध्ये 'सायडर' पद्धत आली आणि टप्पा दोनाच्या घातांत (२५६, ५१२, १,०२४ असा) हवा तसा कापता येऊ लागला. तेव्हापासून शोधाचं कामही बदललं. एकच पत्ता मोठ्या टप्प्यातही असतो आणि त्यातून कापून दिलेल्या छोट्यातही. खरं उत्तर सगळ्यांत लहान टप्प्याचं.

वहीही वाटली गेली. युरोपची नोंदणी संस्था १९९२ ची, आशिया-प्रशांतची एपनिक १९९३ ची, उत्तर अमेरिकेची १९९७ ची. मग लॅटिन अमेरिका, शेवटी आफ्रिका. भारतात २०१२ पासून 'निक्सी' या राष्ट्रीय इंटरनेट संस्थेच्या छत्राखाली 'इरिन' हे काम करते. या संस्था पत्ते विकत नाहीत. गोव्यातली कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, जशी आपली शेतं कसायला देत असे, तसे त्या पत्ते वापरायला देतात. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे तुकडे वाटले गेले. एप्रिलपासून एपनिकच्या सदस्याला नव्यानं जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले, २०१९ पासून ५१२.

हूइजची खरी अडचण उत्तराच्या रूपाची होती. एका संस्थेच्या नोंदीत टप्प्याच्या ओळीला 'इनेटनम' म्हणायचं, दुसरीच्या 'नेटरेंज'. माणूस वाचून समजेल, प्रोग्राम अडखळणार. मी लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्टा अशाच मोडत, कधी एक ओळ वाढली म्हणून, कधी एक कमी झाली म्हणून. शिवाय कुठल्या संस्थेला विचारायचं हे आपणच ठरवायचं आणि इंग्रजीपलीकडच्या लिप्यांची ठरलेली सोय नाही. मार्च २०१५ मध्ये प्रमाण झालेल्या 'आरडॅप' या नव्या पद्धतीनं हे सगळं एकदम सोडवलं, आणि या कामातली ती मला सगळ्यांत मोलाची सुधारणा वाटते. साधी वेब विनंती, पत्ता किंवा टप्पा तिच्यातच. उत्तर जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल अशा ठरलेल्या रचनेत: सुरुवातीचा पत्ता, शेवटचा पत्ता, टप्प्याचं नाव, वरच्या टप्प्याचा दुवा, संपर्क. कुठला टप्पा कुठल्या संस्थेकडे, याची यादी जागतिक साठा सांभाळणारी आयाना ही संस्था प्रसिद्ध करते. चुकीच्या दारी गेलात तर बऱ्याचदा तिथूनच योग्य दारी पाठवतात. उत्तर सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युनिकोडमध्ये असल्यानं देवनागरी नावही त्यात सुखरूप राहतं.

पणजीत बसून आपलाच पत्ता तपासला आणि गाव मुंबई दिसलं की लोक बुचकळ्यात पडतात. नोंदणीत असतो तो देश आणि टप्पा घेणाऱ्या संस्थेचा पत्ता. गाव हा इतर कंपन्यांनी बांधलेला अंदाज. पत्ते अपुरे असल्यानं एका पत्त्याआड अनेक घरं बसवली जातात, त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून सुरू होणारा वेगळा टप्पाच राखून ठेवला गेला. म्हणून नोंद सेवादारापर्यंत, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीपर्यंत, नेते, घरापर्यंत नाही. पुढची वाट सेवादाराच्या लॉगमधून जाते आणि त्याला नेमकी वेळ अन् समोरचा पोर्ट क्रमांक लागतो. त्या रात्रीच्या तक्रारीत मी दोन्ही लिहिले होते, वेळ सेकंदासह आणि भारतीय वेळ असा स्पष्ट उल्लेख करून.