ख्रिस्ती नित्यभक्ती, मुंबईतील

रविवारची उपासना सोडून आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत मुंबईतील ख्रिस्ती कुटुंबे घरात, गल्लीतल्या क्रुसापाशी, प्रवासात आणि कामावर जी प्रार्थना करतात, जे उपास पाळतात आणि एकमेकांसाठी जे करतात, त्या सगळ्याला मिळून नित्यभक्ती म्हणता येईल. चर्चच्या विधिग्रंथांत तिचा थोडाच भाग सापडतो. बराचसा भाग आजी-आईकडून आलेला, वस्तीवस्तीत वेगळा आणि कुठेही लिहून न ठेवलेला आहे. तिचा आधार मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. प्रभूच्या प्रार्थनेतले ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हे मागणे आणि ‘उद्याची चिंता करू नका’ हा उपदेश, दोन्ही तिथलेच. मागणे आजच्या भाकरीचे आहे, महिन्याच्या रेशनचे नाही. मासेमारी, गोदी, गिरणी आणि घरकाम यांवर जगलेल्या लोकांनी ही ओळ शब्दशः घेतली, यात नवल नाही.

मुंबईच्या मराठी भाषक ख्रिस्ती लोकांत दोन मोठे प्रवाह आहेत. पहिला कॅथलिक. १५३४ च्या तहाने वसई, साष्टी (मुंबईच्या उत्तरेचे मोठे बेट, आजची उपनगरे) आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट या संघांच्या धर्मगुरूंच्या काळात कोळी, कुणबी, आगरी, भंडारी अशा स्थानिक जातींतले अनेक लोक ख्रिस्ती झाले. त्यांच्या वंशजांनी १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठीच राहिली. दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंट. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. स्कॉटिश व अँग्लिकन मिशने पाठोपाठ आली. पुढे अहमदनगर, सोलापूर, जालना या भागांतून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी भायखळा, परळ, गिरगाव इथल्या मराठी मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे सभासदगट, भरल्या. दोन्ही प्रवाहांचा देव एक, पण त्याच्याकडे मागण्याची रीत बरीच वेगळी.

कॅथलिक घरात संध्याकाळ माळेची असते. चर्चमध्ये सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीनदा देवदूताच्या निरोपाची घंटा होते. संध्याकाळच्या घंटेनंतर घरातली माणसे आल्तारापुढे बसून जपमाळ म्हणतात. आल्तार म्हणजे बहुधा भिंतीवरची लाकडी फळी किंवा कपाट; त्यात येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र, मरियेची मूर्ती आणि गेलेल्या माणसांचे फोटो असतात. माळ संपली की लहानांनी मोठ्यांचा आशीर्वाद घ्यायचा, ही जुनी शिस्त. टीव्ही मालिकांच्या वेळा आणि रात्रपाळ्या यांनी ती मोडत आणली आहे. ज्यांना संध्याकाळी घरी पोहोचता येत नाही ते माळ लोकलमध्ये म्हणतात. त्यासाठी दहा मण्यांची अंगठी मिळते. गर्दीत उभ्या उभ्या ती अंगठ्याने फिरवता येते आणि शेजारच्याला कळतही नाही. आठवड्याचे वारही वाटून दिलेले आहेत. मंगळवार संत अँथनीचा, बुधवार मरियामातेच्या नोव्हेनाचा, महिन्याचा पहिला शुक्रवार पवित्र हृदयाचा. नोव्हेना म्हणजे एका हेतूसाठी नऊ वेळा सलग केलेली प्रार्थना.

घराबाहेर पडले की क्रूस लागतात. गिरगावातील खोताची वाडी, माझगावातील माथारपाखाडी, वांद्र्यातील रनवार, चिंबई आणि पाली या जुन्या गावठाणांत दगडी किंवा चुन्याने रंगवलेले क्रूस कोपऱ्याकोपऱ्यावर उभे आहेत. सगळे एका कारणाने उभारलेले नाहीत. काही गावाच्या वेशीवरचे आहेत, काही एखाद्या कुटुंबाने उपकारस्तुती म्हणून बांधले. पण बऱ्याच क्रुसांचा संबंध लोक प्लेगशी जोडतात. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात गाठीचा प्लेग आढळला आणि काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. सरकारी पथके घरे तपासत होती, छपरे उघडत होती, आजाऱ्यांना उचलून नेत होती. लोकांना रोगाइतकीच त्या पथकांचीही धास्ती होती. अशा वेळी वस्तीने मिळून वेशीवर क्रूस उभारायचा, प्लेगपासून राखणारे संत म्हणून सेबास्टियन आणि रॉक यांची आळवणी करायची आणि रोज संध्याकाळी तिथे जमायचे, असा प्रघात पडला. चर्चपर्यंत जाणे धोक्याचे किंवा अशक्य झाले होते, तेव्हा प्रार्थनाच गल्लीत आली. रोग ओसरला, जमणे राहिले.

आजही मे महिन्यात या क्रुसांना रंग लागतो, फुलांच्या माळा व दिव्यांच्या तोरणांनी ते सजवतात आणि नऊ दिवस किंवा एखादी ठरलेली संध्याकाळ लदीन होते. लदीन म्हणजे संतांची व मरियामातेची नावे घेत सर्वांनी मिळून गाऊन म्हटलेली प्रार्थना. जुनी माणसे तिचे लॅटिन शब्द तोंडपाठ म्हणतात. अर्थ विचारला तर हसतात, पण चाल चुकत नाही. नंतर उकडलेले चणे वाटतात. पूर्वी मोठ्यांसाठी गावठी दारूही असे, काही ठिकाणी अजून असते. या समारंभाला फादर लागतोच असे नाही. वस्तीतली एखादी म्हातारी बाई पुढे होते आणि बाकीचे मागून म्हणतात. शेजारचे हिंदू व मुसलमान रहिवासीही चण्यांच्या वेळेला हजर असतात, आणि क्रुसापाशी मेणबत्ती लावणाऱ्यांत सगळे ख्रिस्तीच असतात असेही नाही. रस्ते रुंद करताना व इमारतींचा पुनर्विकास होताना हे क्रूस कुणाच्या जागेत, कुणाच्या मालकीचे, असे वाद उठतात. त्यांची कागदपत्रे बहुधा नसतात, कारण ते कुणा एकाने बांधलेले नसतात.

कोळीवाड्यांत भरवसा वर्षाच्या ठरावीक दिवशी पणाला लागतो. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. ती संपून होड्या समुद्रात लोटण्याआधी मढ, मनोरी, गोराई इथले ख्रिस्ती कोळी धर्मगुरूंना बोलावून होड्यांवर पवित्र पाणी शिंपडून घेतात. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, क्रूस रंगवलेला असतो आणि नाव एखाद्या संताचे किंवा मरियामातेचे. त्याच होडीत जीपीएस, वायरलेस आणि लाइफ जॅकेटही असतात. कुणालाही यात विसंगती वाटत नाही. वांद्र्याच्या टेकडीवरच्या मरियेला कोळी ‘मोत माऊली’ म्हणतात आणि तिची मूर्ती समुद्रात एका कोळ्याला सापडली अशी त्यांची कथा आहे. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिची आठवडाभराची जत्रा सुरू होते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, तेव्हा ही मूर्ती माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हलवली होती आणि १७६१ मध्ये ती वांद्र्याला परतली.

ते माहीमचे चर्च आज वेगळ्याच कारणाने ओळखले जाते. ८ सप्टेंबर १९४८ रोजी तिथे अखंड साहाय्य मातेचा नोव्हेना सुरू झाला. माहीमला ही प्रार्थना नऊ बुधवारांची. सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक फेऱ्या इंग्रजीत आणि मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांतही होतात. बुधवारी माहीमच्या रस्त्यावरची वाहतूक अडते हे ख्रिस्ती नसलेल्या मुंबईकरालाही ठाऊक आहे. मूळ चित्र रोममध्ये आहे. पोप पायस नववे यांनी ते १८६६ मध्ये रिडेम्प्टरिस्ट या धर्मगुरूंच्या संघाच्या हाती दिले आणि तेव्हापासून त्याच्या प्रती जगभर गेल्या. चित्रातला बाळ येशू क्रूस व भाला धरलेल्या देवदूतांकडे पाहून घाबरला आहे. त्याने दोन्ही हातांनी आईचा हात पकडला आहे आणि पळत आल्यामुळे एका पायातली चप्पल सुटून लोंबते आहे. देवाचा पुत्रही घाबरतो आणि आईकडे धावतो, हे चित्र पाहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. भक्तांत हिंदू, पारशी, मुसलमान पुष्कळ असतात.

चर्चबाहेरच्या फुटपाथवर मेणाच्या वस्तू विकायला असतात: हात, पाय, डोळे, हृदय, बाळ, घर, विमान. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय, खोली मिळावी म्हणून मेणाचे घर, व्हिसा अडला असेल तर विमान. शहराच्या गरजा बदलल्या तशी ही यादीही वाढली, आणि मुंबईत माणसे नक्की कशासाठी झुरतात हे समजायला एखाद्या अहवालापेक्षा ती बरी. नोव्हेनाच्या वेळी भक्तांची पत्रेही वाचून दाखवतात, त्यांत विनंत्या असतात आणि आभारही. परीक्षा, लग्न, मूलबाळ, नवऱ्याची दारू, कोर्टातला खटला. आभाराच्या पत्रांमुळे पहिल्या बुधवारी आलेला माणूस दुसऱ्या बुधवारी येतो.

इथेच या भक्तीतला जुना वाद सुरू होतो. देवाने काम केले तर मी अमुक वाहीन, हा नवस झाला. आणि देव जे करील ते स्वीकारीन, हा विश्वास. ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ हे नीतिसूत्रांतले वचन दुसऱ्या बाजूचे. धर्मगुरू प्रवचनात हा फरक वारंवार सांगतात आणि प्रॉटेस्टंट पाळक तर मेणाच्या पायावर कडक टीका करतात. पण हा फरक व्यासपीठावर जितका स्वच्छ दिसतो तितका फुटपाथवर दिसत नाही. ज्या बाईचे काम झाले नाही तीही पुढच्या बुधवारी येते, त्याच ओळीत उभी राहते. तिचा व्यवहार निव्वळ सौद्याचा असता तर ती केव्हाच थांबली असती. उलट, सौद्याची भाषा प्रॉटेस्टंटांत अजिबात नाही असेही म्हणता येणार नाही. १९७० च्या दशकानंतर वाढलेल्या पेंटेकॉस्टल व करिश्माई (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या) मेळाव्यांत आरोग्य आणि भरभराट यांची आश्वासने मोकळ्या हाताने दिली जातात, आणि मेणाचे घर त्यापेक्षा निदान मापात असते.

मराठी प्रॉटेस्टंट घरातली रीत ग्रंथाभोवती फिरते. पहाटे किंवा निजण्यापूर्वी बायबलचा एक भाग मोठ्याने वाचायचा, गायन करायचे, मग घरातल्या प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रार्थना करायची. लहान मुलालाही पाळी चुकत नाही. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. चाळीतली दहा बाय बाराची खोली असली तरी वीस माणसे बसतात. तिथे साक्ष देतात, म्हणजे या आठवड्यात देवाने काय केले ते उभे राहून सांगतात. नोकरी लागली, ऑपरेशन पार पडले, किंवा पार पडले नाही पण मन शांत राहिले. तेविसावे स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’, बहुतेकांना पाठ असते आणि ते दवाखान्यात व दफनभूमीत सर्वांत जास्त ऐकू येते. गायनातला मोठा वाटा कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि मृत्यूही याच शहरात. अभंग व भजनाच्या चालींतून त्यांनी ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या जवळ आणून बसवले. विलायती चालींवर बेतलेली जुनी गीते चर्चमध्ये टिकून आहेत, पण घरसभेत पेटी आणि टाळ आले की टिळकच निघतात. अमेरिकन, स्कॉटिश, अँग्लिकन हे जुने मिशनभेद २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर बऱ्याच अंशी मिटले. घरसभांना त्याने काही फरक पडला नाही.

शेती नसलेल्या शहरात कापणीचा सण साजरा होतो, ही एक गंमतच. कॅथलिक ईस्ट इंडियन ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात. भाताच्या ओंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करून घ्यायच्या, असा तो सण. गोराई-मनोरीसारख्या ठिकाणी शेत अजून दिसते. मरोळ, कुर्ल्याकडे ओंब्या कुठून तरी आणाव्या लागतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सभासद नारळ, अंडी, भोपळे, कोंबड्या, घरचा केक, क्वचित पगारातला ठरलेला भाग वेदीपुढे ठेवतात. उपासना संपली की अंगणात लिलाव. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, घेणारा तो परत देतो आणि पुन्हा बोली लागते. पैसा मंडळीच्या निधीत जमा होतो. ज्यांच्याकडे शेत नाही अशी परळची किंवा भायखळ्याची कुटुंबे आपल्या पगाराकडे पीक म्हणून पाहायला या दिवशी शिकतात.

देवावरचा भरवसा पुष्कळदा शेजाऱ्याच्या हातून पोचतो. फ्रेडरिक ओझानाम याने १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या शाखा मुंबईच्या अनेक चर्चमध्ये आहेत. तिचे सभासद गरजू घरी स्वतः जातात, धान्य व औषधांची सोय करतात आणि मिळालेल्याचा गाजावाजा होऊ देत नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत वांद्रे भागातल्या कॅथलिकांनी सहकारी पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था उभारल्या. ‘उद्याची चिंता करू नका’ म्हणणाऱ्यांनीच उद्याची तरतूद केली. १९८० च्या दशकापासून छोट्या ख्रिस्ती समूहांची रचना आली आणि पाच-पन्नास घरांचा गट एकमेकांची ख्यालीखुशाली पाहू लागला. मृत्यू झाला की हे जाळे लगेच दिसते. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून जेवण येते, सातव्या दिवसाची व महिन्याची मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) कोण सांगणार ते ठरते आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरीवर फुले घेऊन सगळे पुन्हा जमतात.

मार्च २०२० मध्ये चर्चची दारे बंद झाली, माहीमचा नोव्हेना मोबाइलवर आला आणि त्या वर्षी वांद्र्याची जत्रा भरली नाही. घरातली माळ आणि घरसभा मात्र नव्याने जोरात आल्या. आता अडचण भाषेची आहे. इंग्रजी शाळेत शिकलेली मुले माळ इंग्रजीत म्हणतात, मराठी मिस्सा काही मोजक्या चर्चमध्ये ठरावीक वेळी होते, आणि लदीनची चाल येणारी पिढी वयाने सत्तरीच्या पुढे आहे. वांद्रे, गिरगाव व माझगावच्या काही वस्त्यांत तरुण मंडळी हल्ली त्यांचे आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवतात.