क्वितोव्हाचा डावा हात

२० डिसेंबर २०१६ च्या सकाळी चेक प्रजासत्ताकातल्या प्रोस्तेयोव्ह शहरात टेनिसपटू पेत्रा क्वितोव्हाच्या घरात चाकू घेऊन एक जण शिरला. झटापटीत तिचा डावा हात कापला गेला. पाचही बोटांच्या कंडरांना, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांना, इजा झाली, शिवाय दोन मज्जातंतूंनाही. २०११ आणि २०१४ ची विम्बल्डन तिने याच डाव्या हाताने जिंकली होती.

उजव्या हाताची बाही वर करून डाव्या हाताने कोपराखाली धरा आणि उजव्या हाताची बोटं मिटा-उघडा. कातडीखाली स्नायू हलताना जाणवतील. बोटांत स्वतःचे स्नायू जवळपास नसतातच. बोटं वळवणारे मुख्य स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांची ओढ लांब कंडरांमधून बोटांपर्यंत पोहोचते. अंगठ्याला अशी एक आणि बाकीच्या प्रत्येक बोटाला दोन, म्हणजे तळव्याच्या बाजूला एकूण नऊ. सायकलच्या ब्रेकची तार जशी नळीतून सरकते, तशी प्रत्येक कंडरा अरुंद आवरणातून सरकते.

त्याच दिवशी पावणेचार तास शस्त्रक्रिया चालली. पण कंडरा शिवणं हा अर्धाच भाग. जखम भरताना तयार होणारी चिवट ऊती कंडरेची टोकं जोडते, तशी ती कंडरेला आजूबाजूच्या आवरणालाही चिकटवते. मग कंडरा अखंड असूनही बोट वळत नाही. हात हलवला तर टाका तुटण्याची भीती, आणि नाही हलवला तर कंडरा चिकटण्याची! म्हणून पट्टी बांधलेल्या हाताची बोटं ठरलेल्या मर्यादेत, दुसऱ्या हाताच्या मदतीने, दिवसातून अनेकदा हळूहळू वाकवायची. पूर्ण जोर लावण्याआधी साधारण तीन महिने जावे लागतात. माझ्या मते क्वितोव्हाचं खरं पुनरागमन या कंटाळवाण्या व्यायामात झालं; मे २०१७ च्या फ्रेंच ओपनमध्ये जगाला ते दिसलं, एवढंच. जूनमध्ये तिने बर्मिंगहॅमची स्पर्धा जिंकली.

मज्जातंतूंचं गणित वेगळं. कापलेला तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो, आणि वाढून तो नेमक्या जुन्या ठिकाणीच पोहोचेल याची हमी नसते. बोटांमधली संवेदना पूर्णपणे परत आलेली नाही, असं क्वितोव्हाने नंतर सांगितलंही.

तरी ती खेळू कशी शकली? चेंडू रॅकेटच्या तारांना टेकतो तो सेकंदाच्या अवघ्या चार-पाच हजारांशाएवढा. हाताची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे चालू फटका स्पर्शाने सुधारता येत नाही. स्पर्श लागतो तो रॅकेटची पकड बसवायला आणि बदलायला. ती उणीव डोळे आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने भरून काढली असावी, हा अर्थात माझा अंदाज.

जानेवारी २०१९ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत नाओमी ओसाकाकडून तीन सेटमध्ये हरली आणि जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर पोहोचली. २०२५ च्या यूएस ओपननंतर तिने निवृत्ती घेतली तेव्हा तिच्या नावावर एकेरीची ३१ विजेतेपदं होती. त्यातली १२ त्या शस्त्रक्रियेनंतरची.