चपलेचा वास आणि फिट
रस्त्यात कुणाला फिट आली की गर्दीतला एक जण चप्पल नाहीतर कांदा नाकाशी धरतो, दुसरा दातखीळ उघडायला चमचा शोधू लागतो, आणि झटके थांबले की श्रेय चपलेला मिळते. वस्तुतः मेंदूतील विद्युत्संदेशांचा हा गोंधळ बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप शमतो. चप्पल काढून पुढे करण्यात तेवढाच वेळ गेलेला असतो, इतकेच. जीभ गिळली जाते हाही गैरसमजच आहे, कारण ती तोंडाच्या तळाशी जोडलेली असते. ती चावली जाऊ शकते, पण चमच्याने दात तुटून तुकडा श्वासनलिकेत जाण्याचा धोका त्याहून मोठा. हातपाय दाबून धरू नयेत, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा आणि झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहते. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजू नये. घड्याळ मात्र जरूर पाहावे, कारण झटके 5 मिनिटांहून अधिक चालले तर 108 क्रमांकावर फोन करणे आवश्यक असते. रुग्ण जिन्यावरून कोसळला असेल, तर मणक्याला इजा झाली असावी असे गृहीत धरून डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, दोघातिघांनी मिळूनच त्याला वळवावे.