दोन ओळी आणि बत्तीस हजार किल्ल्या

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. गेल्या महिन्यात त्यानं प्रोजेक्टसाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला आणि दुसऱ्याच रात्री अकरा वाजता त्याचा फोन. "मामा, कोणीतरी माझ्या सर्व्हरच्या मागे लागलंय. लॉगमध्ये नुसतं 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट', शेकड्यांनी!"

लॉग म्हणजे सर्व्हरची नोंदवही आणि रूट म्हणजे त्याचं सर्वाधिकारी खातं. मागे कोणी लागलं नव्हतं. इंटरनेटवर नवा पत्ता दिसला की बॉट नावाचे प्रोग्राम येऊन दार ढकलून बघतातच. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशी नावं आणि ठरावीक पासवर्ड, दिवसरात्र. उपायही जुनाच आहे. दूरवरून सर्व्हरमध्ये शिरायचं दार म्हणजे एसएसएच. तिथे पासवर्ड चालणं बंद करायचं आणि किल्लीची फाईल वापरायची. पंधरा मिनिटांचं काम. काही जण एसएसएचचा नेहमीचा २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, बदलून निर्धास्त झोपतात. त्यानं लॉग शांत होतो, कुलूप होतं तेच राहतं.

"पण लिनक्सचा कोड तर सगळ्यांना दिसतो," भाचा म्हणाला. "मग किल्ली कशी बनते तेही चोराला दिसणार ना?"

दिसतं, आणि दिसू दे. कृती उघडी असते, गुपित असतो तो फक्त आकडा. आजकाल सर्रास वापरतात ती एसएसएचची किल्ली २५६ बिटांच्या एका आकड्यापासून बनते. म्हणजे २५६ वेळा नाणं उडवायचं आणि छापा-काटा लिहून ठेवायचा. असे किती वेगवेगळे आकडे होऊ शकतात, ती संख्या लिहायला ७८ अंक लागतात.

अडचण अशी की संगणकाला नाणं उडवता येत नाही. तो पक्का हुकमाचा ताबेदार, तेच दिलं की तेच परत देणार. म्हणून तो अनिश्चितपणा बाहेरून गोळा करतो: कळ नेमकी कोणत्या क्षणी दाबली गेली, डिस्कनं उत्तर द्यायला किती वेळ घेतला, नेटवर्कवरचं पाकीट कधी येऊन पोचलं. हे सगळं एका हौदात टाकायचं आणि हॅश नावाच्या गणिती रवीनं घुसळायचं. आत एक बिट बदलला तरी बाहेर येणारं सगळंच बदलतं.

मला या रवीचं फार अप्रूप आहे, पण तिच्यात एक खोडही आहे. हौदात कळशीभर टाका किंवा थेंबभर, बाहेर येणारं ताक दिसायला सारखंच.

२००६ साली डेबियन या लिनक्स वितरणात, म्हणजे लिनक्सच्या एका तयार संचात, नेमकं हेच झालं. व्हॅलग्राइंड नावाचं एक साधन प्रोग्राममधल्या चुका हुडकतं. किल्ल्यांसाठी यादृच्छिक आकडे बनवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीबद्दल (तयार कोडच्या संचाबद्दल) त्यानं तक्रार केली की इथे अजून काहीच न लिहिलेली मेमरी वाचली जातेय. तक्रार दोन ओळींकडे बोट दाखवत होती, आणि दोन्ही ओळी दिसायला हुबेहूब. दोन्हींचा अर्थ एकच, समोर असेल ते हौदात टाक. फरक जागेचा. एक ओळ आकडे बाहेर काढणाऱ्या फंक्शनमध्ये होती. ती उरलासुरला कचराही जाता जाता हौदात टाकायची, ती गेली असती तर बिघडत नव्हतं. दुसरी होती हौद भरणाऱ्या फंक्शनमध्ये. बाहेरून आणलेला सगळा अनिश्चितपणा आत जायचा तो तिच्यातूनच. डेबियनकडून ओपनएसएसएलच्या मंडळींना विचारलंही गेलं होतं. ठाम हरकत कोणी घेतली नाही. दोन्ही ओळी बंद झाल्या.

हौदात मग उरलं काय? प्रोसेस क्रमांक. लिनक्स प्रत्येक चालू प्रोग्रामला नंबर देतो, आणि तो नेहमीच्या मांडणीत ३२,७६७ च्या पुढे जात नसे. म्हणजे ठरावीक प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या, एका जातीच्या यंत्रावर, जगभरात मिळून एवढ्याच. सेकंदाला तीन लावून पाहिल्या तरी साधारण तीन तासांत जुडगा संपतो.

डेबियनचेच एक डेव्हलपर ल्युसियानो बेलो यांना हे सापडलं आणि १३ मे २००८ रोजी डेबियननं ते जाहीर केलं. मधले २० महिने कोड सगळ्यांसमोर उघडा पडला होता. 'ओपन सोर्सकडे हजार डोळे लागलेले असतात' असं आम्ही लोक छातीठोकपणे सांगतो. असतात, पण बघत असतातच असं नाही. किल्ल्याही एकेकटी पाहिली तर निर्दोष दिसायच्या. दोघांची किल्ली एकच निघाली, तरच शंका येणार.

सॉफ्टवेअर अपडेट करून भागत नव्हतं, कारण जुन्या किल्ल्या तशाच कच्च्या राहिल्या. त्या हुडकायला डेबियननं वेगळं साधन आणि काळी यादी दिली. उबुंटू डेबियनवरच बेतलेलं, त्यामुळे तिकडेही तीच धावपळ. त्यात डीएसए जातीच्या किल्ल्यांची आणखी एक गंमत. किल्ली ओळख पटवते ती डिजिटल सही करून. डीएसएमध्ये अशा प्रत्येक सहीला नवा यादृच्छिक आकडा लागतो, आणि तो ओळखता आला तर एका सहीवरून खाजगी किल्ली साध्या बीजगणितानं सुटते. त्यामुळे दुसरीकडे नीट बनवलेली किल्लीसुद्धा अशा यंत्रावर एकदा वापरली असेल तर टाकून द्यावी लागली.

बेरीज ९ यावी म्हणून गाडीच्या नंबरासाठी आरटीओत हजारो रुपये मोजणारे लोक पासवर्डही 'लकी' ठेवतात. आकडा निवडण्यामागे कारण असलं की तोच धागा चोराच्या हाती लागतो. आणि जाहिरातीतल्या 'मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन'वाल्याला विचारून बघा, तुमचा हौद कशानं भरता?

मी स्वतः याच्याहून बाळबोध चूक केली आहे. एका प्रयोगशाळेत एक मशीन नीट लावलं आणि त्याची डिस्क कॉपी करून आणखी तीस मशीन उभी केली. सर्व्हरची स्वतःची ओळख पटवणारी एसएसएचची किल्लीही त्यात कॉपी झाली, एकतीस मशीनना एकच ओळख. लक्षात आल्यावर सगळीकडच्या त्या फायली पुसून नव्या बनवल्या. दुसऱ्या दिवशी जो लॉगिन करायला जाईल त्याच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा, सर्व्हरची ओळख बदलली आहे, कोणी मध्ये बसून ऐकत असेल. दोन दिवस माझा फोन वाजत होता. फोन न करता आपल्या संगणकावरची जुन्या ओळखीची नोंद पुसून मुकाट आत गेलेले किती, ते मात्र कळलं नाही.